चहा कोणी सांगायचा

“मग त्याचं चुकलं, एवढं तरी मान्य आहे ना, सर?”

नेर्लेकर सर हात धूत होते. साबणाचा फेस कोपरापर्यंत नेऊन ते सावकाश चोळत राहिले.

“चुकलं की,” ते म्हणाले.

“यकृत म्हणाला होता. निघालं भलतंच.”

“हो.”

“म्हणजे निदान साफ चुकलं.”

“साफ.”

डॉ. अभय रेठरेकरला वाटलं होतं, सरांच्या तोंडून हे एकदा ऐकलं की जिवाला जरा गारवा मिळेल. कसचा गारवा! सर ‘साफ’ म्हणाले तेही अशा सुरात, की घरातल्या धाकट्याने ताट स्वच्छ केलं म्हणून आजोबांनी म्हणावं.

रेठरेकरचा नुसता जळफळाट झाला.

हा जळफळाट काही आजचा नव्हता. त्याची हकीकत आधी सांगायला हवी.

घाट उतरून हायवे जिथे गावात शिरतो, तिथे हे सरकारी रुग्णालय आहे. घाट आहे म्हणून अपघात आहेत, आणि अपघात आहेत म्हणून इथले सर्जन हाताला तरबेज आहेत. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, करंजाच्या झाडांपलीकडे, शवविच्छेदनाची बैठी इमारत. तिथे नेर्लेकर सरांचं राज्य होतं.

मेलेल्या माणसाला सर ‘पाहुणा’ म्हणत. शव, बॉडी, केस असले शब्द त्यांच्या खोलीत कोणी काढले, की ते चष्म्यावरून नुसते बघत. तेवढं पुरत असे.

आणि त्यांचा एक नियम होता. अपघातात दगावलेला पाहुणा टेबलावर आला, की ज्याने त्याच्यावर उपचार केले त्या सर्जनने खाली यायचं. पाहुण्याच्या पायाशी उभं राहायचं. सरांनी सुरी उचलण्याआधी, मोठ्याने, सगळ्यांदेखत सांगायचं, की हा माणूस कशाने गेला.

मग सर उघडून बघत.

वर वॉर्डात लावलेलं निदान आणि खाली टेबलावर दिसलेली गोष्ट जुळली, तर सर मान हलवत आणि पुढच्या कामाला लागत. नाही जुळली, तर ज्याचं चुकलं त्याने सगळ्यांसाठी चहा सांगायचा. गेटबाहेरच्या टपरीवरून किटली यायची. काम आटोपून, हात धुऊन, करंजाखाली उभं राहून सगळ्यांनी तो प्यायचा. चुकलेल्याला कोणी बोलायचं नाही. पिता पिता आपण कुठे चुकलो, ते त्याने आपल्याच तोंडाने सांगायचं, की झालं.

कितीतरी सर्जन असे चहा सांगून शहाणे झाले होते.

रेठरेकरने मात्र इथे आल्यापासून एकदाही चहा सांगितला नव्हता.

त्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? माणूस हुशार. शर्टाची इस्त्री कडक, बोलणं मोजकं, हात स्थिर. पाहुण्याच्या पायाशी उभा राहून तो सांगे, “प्लीहा फाटली, पोटात रक्तस्राव, डाव्या बाजूच्या खालच्या फासळ्या मोडल्या.” सर उघडत, आणि आत तसंच असे. फासळ्यासुद्धा त्याच.

सर मान हलवत. “बरोबर आहे, डॉक्टर रेठरेकर.”

बस्स. याच्यापुढे एक अक्षर नाही.

आणि तो डॉ. यासीन मुजावर! रेठरेकरच्याच बरोबरीचा, दोघं एकाच सुमारास इथे रुजू झालेले. मुजावरची दाढी कधी वेळेवर झालेली नसे. पायांत कायम रबरी चपला. आवाज असा, की वरच्या मजल्यावर बोलला तर खाली औषधाच्या खिडकीतल्या बाईने मान वर करावी. टेबलाशी येऊन तो सांगायचा छाती, आणि निघायची मान. सांगायचा डोकं, निघायचं पोट. मग तो कपाळावर हात मारून घ्यायचा, पाहुण्याच्या पायांना हात लावून “माफ कर, बाबा” म्हणायचा, आणि दारातूनच ओरडायचा, “आजचा चहा माझा!”

आणि सर त्याला काय म्हणत?

यासीन म्हणत.

“यासीन, इकडे ये, हे बघ.” “यासीन, जेवलास का रे?” “यासीन, दाढी कर, पाहुणे घाबरतील.”

चुकणाऱ्याला यासीन, आणि कधीच न चुकणाऱ्याला डॉक्टर रेठरेकर. हे त्याला सलायचं. जेवताना सलायचं, टाके घालताना सलायचं. बायको एकदा म्हणालीसुद्धा, “तुमच्या त्या मुजावरांचं नाव या घरात माझ्यापेक्षा जास्त वेळा निघतं.” तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

त्यातच आता रुग्णालयात नवीन अपघात विभाग उघडायचा होता. त्याला प्रमुख हवा होता. डीनसाहेबांपुढे दोन नावं होती, आणि ती कोणती हे सांगायला नकोच.

वर्षभरातल्या अपघाती मृत्यूंत कोणाचं निदान शवविच्छेदनाशी जास्त जुळलं, ते नेर्लेकर सरांनाच विचारा, ही कल्पना डीनसाहेबांच्या डोक्यात आपसूक आली नव्हती. ती रेठरेकरने घातली होती. अगदी सहज, जाता जाता, विभागाच्या भल्यासाठी म्हणून.

डीनसाहेबांना ती पटली. सर उद्या त्यांना भेटणार होते. सर ज्याचं नाव घेतील तो प्रमुख, हे ठरल्यातच जमा होतं.

म्हणून आज दुपार कलता कलता रेठरेकर खाली उतरला होता. शेवटचा पाहुणा नातेवाइकांबरोबर केव्हाच गेला होता. टेबल धुऊन झालं होतं.

“मग डीनसाहेबांना तुम्ही तसं सांगणार?” त्याने विचारलं.

“कसं?”

“जसं आहे तसं.”

“मी दुसरं कधी काय सांगतो?” सरांनी नळ बंद केला. “जुळण्यात तुम्ही पहिले. यासीन तुमच्या जवळपाससुद्धा नाही. तुमचा एकही पाहुणा चुकलेला मला आठवत नाही.”

रेठरेकरला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाने भागेना. इतकी वर्षं जी गोष्ट गिळून ठेवली होती, ती नेमकी तेव्हाच वर आली.

“मग तुम्ही त्याचंच कौतुक का करता?”

बोलून गेला, आणि त्याचे कान तापले. चाळिशी गाठलेला सर्जन, आणि तक्रार शाळेतल्या पोराची!

सर टॉवेलला हात पुसत होते. एकेक बोट.

“तुम्हाला हेवा वाटतो त्याचा,” ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

“...वाटतो.”

“बघा. माझं निदान जुळलं. चहा वाचला.”

“थट्टा नको, सर.”

“बरं, नको.”

“त्या जीपचंच घ्या ना,” रेठरेकर म्हणाला.

जीपची गोष्ट अशी. दिवाळीच्या आसपास घाटातल्या वळणावर एक वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप उलटली. बाकीच्यांचं हाडामांसावर निभावलं. दोघे मात्र अगदी काठावर होते. सर्जेराव मदने आणि दत्तू येडगे. मेव्हणे-मेव्हणे. सर्जेरावची बहीण दत्तूला दिलेली. जीपमध्ये एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले हे दोघे रुग्णालयातही एकापाठोपाठ एक आले. सर्जेराव रेठरेकरकडे गेला, दत्तू मुजावरकडे.

रेठरेकरने सर्जेरावच्या पोटावर हात ठेवला. पोट ताठ होतं, नाडी पळत होती. सलाईन लावल्यावर तो थोडा सावरला. रेठरेकरने त्याला सीटी स्कॅनला पाठवलं. स्कॅनमध्ये फाटलेली प्लीहा स्वच्छ दिसली. तिथून ऑपरेशन थिएटरकडे आणताना, लिफ्टमध्ये, सर्जेराव गेला.

मुजावरने दत्तूच्या पोटावर हात ठेवला. “यकृत फाटलंय, चला!” म्हणाला, आणि सरळ त्याला थिएटरात घेऊन गेला. पोट उघडलं तर यकृत ठणठणीत. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली रक्तवाहिनी तुटली होती. ती बांधली, पोट शिवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव पाहुणा म्हणून टेबलावर आला. रेठरेकरने पायाशी उभं राहून सांगितलं. सरांनी उघडलं. शब्दन्‌शब्द जुळला.

आणि नेमका तेव्हाच मुजावर दारात उगवला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याचा माणूस मेला नव्हता, म्हणजे टेबलावर आला नव्हता, म्हणजे नियमाने चहाचा प्रश्नच नव्हता. तरी हा म्हणाला, “सर, काल माझंही चुकलं. मी यकृत म्हणालो होतो. आजचा चहा माझा!”

सगळ्यांनी करंजाखाली त्याचा चहा प्यायला. हसले, बोलले, ती रक्तवाहिनी कशी सापडली ते ऐकलं. रेठरेकरच्या अचूक निदानाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

“त्या दिवशी माझं जुळलं होतं, सर. त्याचं चुकलं होतं. मग गोड तो कसा झाला?”

सर टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले.

“यासीनचे चुकलेले माझ्याकडे येतात,” ते म्हणाले. “त्यामुळे त्याचे पाहुणे जुळत नाहीत.”

“आणि बाकीचे?”

“ते एसटीने जातात.”

रेठरेकरला कळलं नाही. म्हणजे, कळून घ्यावंसं वाटलं नाही.

“सर्जेरावच्या पोटावर हात ठेवलात,” सरांनी विचारलं, “तेव्हा काय वाटलं?”

“प्लीहा.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच.” अजूनही त्याची मान ताठ होती.

“शंका?”

“नव्हती म्हटलं तरी चालेल.”

“मग स्कॅन?”

“खात्रीसाठी. तो सलाईनवर सावरला होता, सर. अशा वेळी स्कॅन करून घ्यावा, असं पुस्तकच सांगतं. माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही.”

“नाही दाखवणार. मीही नाही.” सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. “खात्री कोणाला हवी होती?”

“म्हणजे?”

“सर्जेरावला? तुम्हाला तर हात ठेवल्या ठेवल्या कळलं होतं. मग उरलं कोण?”

रेठरेकर जमिनीकडे बघत राहिला. पाणी मोरीकडे ओघळून गेल्याची खूण होती फरशीवर. त्या संध्याकाळी स्ट्रेचर वळवताना आपल्या मनात काय आलं होतं, ते त्याला पक्कं आठवत होतं. आठवू नये म्हणून त्याने बरीच खटपट केली होती, ही गोष्ट वेगळी.

“चला,” सर एकदम म्हणाले. “एक पाहुणा राहिलाय.”

“टेबल तर रिकामं आहे.”

“हा टेबलावर यायला तयार नाही. आपणच जाऊ.”

ते बाहेर पडले. सर पुढे, रेठरेकर मागे. करंजाखालून, धोबीघाटाच्या अंगाने, ओपीडीतली गर्दी ओलांडून गेटपर्यंत. सर गुडघ्याने अधू होते, पण थांबले नाहीत. वाटेत कोणी नमस्कार केला तर नुसता हात वर करत होते. रेठरेकरला मनातून वाटत होतं, की हे सगळं उगाच लांबण चाललंय. जुळण्यात पहिले, असं सरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आता उद्या तेच डीनसाहेबांना सांगावं आणि विषय संपवावा.

गेटबाहेर डाव्या हाताला चहाची टपरी, आणि तिला लागून एसटीचा थांबा. सर रोज काम संपलं की इथे येऊन बसतात, हे रेठरेकरला ठाऊक होतं. चहासाठी बसतात, असं त्याला वाटे.

थांब्यावर एक माणूस बसला होता. किडकिडीत, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. केळं खात होता. शेजारी त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“सालं हितं टाकू नगा,” ती त्याला सांगत होती. “दवाखान्याचं दार हाय.”

“काय दत्तोबा!” सर म्हणाले. “कसं काय?”

माणूस केळं हातात धरूनच उठला. “बरं हाय की, मोठं डाक्टर! आज मुजावर सायबांनी पोट दाबून बघितलं. म्हनलं, जावा आता मेंढरांमागं.”

रेठरेकर दोन पावलं मागेच थांबला. हा दत्तू येडगे. मुजावरचा.

“डॉक्टर रेठरेकर,” सर म्हणाले, “पुढे या. पाहुण्याच्या पायाशी उभे राहा.”

“सर, हे काय...”

“या.”

तो आला. दत्तूसमोर उभा राहिला. दत्तूला काही उमजेना, पण मोठ्या डॉक्टरांचं काहीतरी काम असेल म्हणून तोही नीट उभा राहिला. बायकोकडे बघून त्याने फेटा सारखा केला.

“सांगा,” सर म्हणाले. “यांच्या पोटात काय आहे?”

“आता मी काय सांगू?” रेठरेकर वैतागून म्हणाला. “उघडून बघितल्याशिवाय कसं...”

“तेच तर. मला उघडता येत नाही.”

दत्तूला तेवढं कळलं. तो दात दाखवून हसला. “पोटात व्हय? दोन भाकरी, आन् हिनं आत्ता दिल्यालं क्येळं!”

सर खळखळून हसले. टपरीवाला हसला. रेठरेकरला हसू आलं नाही.

दत्तूच्या बायकोलाही आलं नाही. ती रेठरेकरच्या तोंडाकडे निरखून बघत होती. मग पिशवी बाजूला ठेवून उठली.

“तुमी... सर्जाचं डाक्टर न्हवं?”

रेठरेकरने नुसती मान हलवली.

“मी सुंदरा. त्येची भन. त्या दिशी हितंच व्हते मी, तुमास्नी ध्यानात नसंल.”

त्याला ध्यानात होतं. स्ट्रेचरमागून धावणारी, पदर सुटलेली बाई. एकदा या स्ट्रेचरपाशी, एकदा त्या.

“लई भांडले मी मुजावर सायबांसंगं,” सुंदरा म्हणाली. “भावाला तुमी त्या मोठ्या मशिनीत घातलं, आन् माझ्या मालकाला त्येनी तसंच उचलून आत न्येलं. म्या म्हनलं, ह्यास्नी का न्हाई मशिनीत घालत? ह्यास्नी का न्हाई नीट बगत? डाक्टर म्हनला, बाई, बाजूला व्हा, येळ न्हाई. लई राग आला मला.”

तिने डोळ्यांना पदर लावला.

“खोटं कशाला बोलू... सख्ख्या भावाचा हेवा वाटला मला. वाटलं, सर्जाचं नशीब बरं, चांगला डाक्टर भेटला. आमचं फुटकं. तुमी कायबी कमी केलं न्हाई त्येच्यासाठी. मशिनीत घातलं, फोटू काढलं, समदं केलं. त्येचं आयुष्यच तेवढं. माझी आई अजून रोज दिवा लावताना तुमचं नाव घेती.”

आणि ती वाकली.

रेठरेकर मागे सरकला, पण उशीर झाला होता. तिचे हात त्याच्या बुटांना लागले. कडक पॉलिश केलेले बूट. आजवर तो पाहुण्यांच्या पायाशी उभा राहत आला होता. त्याच्या पायाशी येऊन असं कोणी काही सांगितलं नव्हतं.

तिने ‘हेवा’ म्हटलं, आणि ती संध्याकाळ त्याच्यापुढे उभी राहिली.

सर्जेरावचं स्ट्रेचर थिएटरच्या दिशेने निघालं होतं. त्याने स्वतःच निघायला सांगितलं होतं. वळणावर त्याला दत्तूचं स्ट्रेचर दिसलं. थिएटरकडे वळणारं. मागून मुजावरचा आवाज, “यकृत आहे रे, आवरा!” रेठरेकरच्या मनात आलं, हा पुन्हा चुकणार. स्कॅन नाही, काही नाही, नुसता हात ठेवला आणि निघाला. उद्या हा चहा सांगणार. आपण नाही सांगणार.

आणि त्याने स्ट्रेचर स्कॅनकडे वळवलं.

त्या क्षणी त्याला सर्जेराव दिसत नव्हता. मुजावर दिसत होता. सगळ्यांदेखत बिनचूक सांगणारा आपण स्वतः दिसत होतो, आणि मान हलवणारे सर. आत रक्त सांडत असलेला माणूस त्याने तेवढ्यासाठी थांबवून ठेवला होता. पुस्तक त्याच्या बाजूने होतं, हे त्याला नंतर आठवलं. आधी आठवला होता तो चहा.

“उठा, उठा,” तो सुंदराला कसंबसं म्हणाला. पुढे बोलावं असं फार वाटत होतं. बाई, तुमच्या भावाला चांगला डॉक्टर भेटला नाही, एवढंच बोलायचं होतं. जीभ उचलली नाही.

एसटी आली. धुरळा उडाला. दत्तूने केळ्याचं साल बायकोच्या पिशवीत टाकलं, तिने त्याच्या हातावर चापट मारली, आणि दोघं चढली. दत्तू चढला तो दांडीला धरून, चांगला दमदार पाय टाकत. खिडकीशी बसून त्याने सरांना हात केला. मग रेठरेकरलाही केला.

एसटी घाटाच्या बाजूला वळली, आणि दिसेनाशी झाली.

सर तोवर बघत उभे होते. मग टपरीच्या बाकाकडे गेले आणि गुडघा धरून हळूच बसले.

“त्याच्या पोटात काय झालं होतं, ते मी कधी बघितलेलं नाही,” ते म्हणाले. “यासीन सांगतो ते खरं धरायचं.”

रेठरेकर उभाच होता.

“उद्या डीनसाहेबांना भेटायचंय मला.”

“...हो, सर.”

“तुमचं जुळलं होतं.”

“...हो.”

“शब्दन्‌शब्द.”

रेठरेकरने मान खाली घातली. बुटांवर सुंदराच्या बोटांचे धुळीचे ठसे उमटले होते. ते त्याने पुसले नाहीत.

“मग त्यांना काय सांगू?”

त्याने तोंड उघडलं. ज्या उत्तरासाठी तो आज मुद्दाम खाली उतरून आला होता, ते उत्तर अगदी ओठांवर हवं होतं. त्याने शोधलं. सापडेना.

टपरीवाल्याने फडक्याने फळी पुसली. स्टोव्हला पंप मारला. आणि सवयीने मान वर करून विचारलं, “मुजावर सायेब कुठायत आज?”



सर बाकावर थोडे सरकले, शेजारी एका माणसापुरती जागा झाली. तिच्यावर त्यांनी हात ठेवला.

“चहा सांग, अभय.”